सांधा कुठे आहे? जुन्या ट्रिक फोटोंची पोस्टकार्डं आणि मी

मी गणिताच्या ट्युशन्स घेते, वडोदऱ्यात, दांडिया बाजाराच्या मागे. दर मे महिन्यात पस्तीवाल्याकडे (रद्दीवाल्याला इथे आपण मराठी लोकही पस्तीवालाच म्हणतो) माझी एक चक्कर ठरलेली असते, कारण जुन्या गणिताच्या पुस्तकांतली उदाहरणं मुलांना गाइडमध्ये सापडत नाहीत, डोकं चालवावंच लागतं. सात वर्षांपूर्वी अशाच एका लॉग टेबलच्या पुस्तकात खूण म्हणून खोचलेलं एक कार्ड निघालं. तपकिरी फोटो, एक घोडागाडी, गाडीवान, त्याच्या शेजारी अजून एक माणूस, आणि मागे गाडीत मक्याचं कणीस. एकच कणीस. अख्खी गाडी भरून बाहेर आलेलं, वर साखळीने बांधलेलं.

पस्तीवाला म्हणाला, "बेन, ए तो चोपडीनी साथेज आव्युं छे, लई जाओ." पुस्तकाचे वीस रुपये दिले, कार्ड तसंच मिळालं.

घरी येऊन ते कार्ड मी खिडकीपाशी धरलं आणि बघतच बसले. कुकर लावायचा राहिला. पहिल्यांदा हसू आलं, मग वाटलं थांब, हे केलं कसं असेल, कॉम्प्युटर तर सोडाच, तेव्हा घरोघरी वीजसुद्धा नव्हती. आणि मग भूमिती शिकवायची सवय म्हणा, पण नजर सावल्यांवर गेली. घोड्याची सावली डाव्या हाताला पडली होती म्हणजे ऊन उजवीकडनं, आणि कणसावरचे दाणे मात्र डावीकडनं उजळलेले. म्हणजे कणीस दुसऱ्या फोटोतलं! मग भिंग घेऊन कणसाची कड बघितली तर एका जागी, जिथे ते गाडीच्या फळीला टेकतं तिथे, केसाएवढी बारीक रेघ. कापलेल्या कागदाची कड. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी कात्रीने ते कणीस कापलं होतं आणि ती कात्री नेमकी कुठनं फिरली ते मला माझ्या स्वयंपाकघरात दिसत होतं. त्या दिवसापासून जे लागलंय ते अजून सुटलं नाही.

ही कार्डं अमेरिकेतली. 1908 च्या सुमाराला कॅन्सस राज्यातल्या ओटावा नावाच्या गावात विल्यम मार्टिन नावाचा फोटोग्राफर ती करायचा, आणि विस्कॉन्सिनमध्ये वॉपन गावात आल्फ्रेड जॉन्सन. सगळा शेतीचा भाग. बैलाएवढा टोळ, दोरीने ओढून आणलेला होडीएवढा मासा, दोन माणसांनी करवतीने कापायचा कांदा. आमच्याकडे पीक असं येतं बरं का, असं लांबच्या भावाबहिणींना कळवायचं. मी त्यांना थापकार्डं म्हणते. करायची पद्धत सांगायला सोपी आहे, आधी शेताचा किंवा रस्त्याचा फोटो काढायचा, मग कणसाचा जवळनं वेगळा काढून मोठा प्रिंट करायचा, तो कापून पहिल्या प्रिंटवर चिकटवायचा, वर थोडा ब्रश फिरवायचा, आणि त्या चिकटवलेल्या सगळ्याचा परत एक फोटो काढायचा. त्या शेवटच्या निगेटिव्हवरनं मग हवी तेवढी कार्डं. सांगायला सोपी म्हणते, कारण नंतर मी स्वतः करून बघितली तेव्हा चार दिवस गेले आणि कणीस गाडीत न बसता गाडीवर तरंगत राहिलं.

माझं पहिलं कार्ड वडोदऱ्यात कसं आलं ते पाठीमागे काही लिहिलेलं नसल्यामुळे सांगता येत नाही, पण इथे अमेरिकन मेथडिस्ट मिशनची माणसं पिढ्यान् पिढ्या राहिली आहेत आणि सयाजीराव महाराजांनी तर इथली हुशार मुलं शिष्यवृत्ती देऊन परदेशी पाठवली, 1913 साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवरच. त्या काळात या गावात अमेरिकेहून टपाल येणं काही नवलाचं नव्हतं.

मग सुरू झालं गोळा करणं. सुरुवातीला मी जे केलं ते कोणी करू नये म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे दुसरंच कार्ड जे मिळालं (शुक्रवारी बाजारात, एका जुन्या चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलेलं, बाळांच्या डोक्यांचा गुच्छ असलेलं फ्रेंच कार्ड) त्यावर तेलकट डाग होता आणि मी तो ओल्या फडक्याने पुसला. फोटोचं कार्ड म्हणजे कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि त्या थरात चांदी, पाणी लागलं की जिलेटिन फुगतं, मऊ पडतं. तीन बाळांचे चेहरे फडक्यावर आले. मला रडू आलं खरंच. आता मी मऊ कोरड्या ब्रशशिवाय कशालाही हात लावत नाही, डाग असला तर असू दे.

दुसरं, चिकट पानांचे अल्बम येतात ना, ज्यावर प्लास्टिक ओढून बसवायचं, त्यात मी पहिली अकरा कार्डं लावली. एका उन्हाळ्यात तो चिकटा पिवळा पडला आणि कार्डं निघेनात. शेवटी शिवायच्या दोऱ्याने, दोन टोकं दोन हातात धरून करवतीसारखा दोरा पुढेमागे करत एकेक सोडवलं, दोन तरीही मागनं सोलली गेली. आता प्रत्येक कार्ड पॉलिप्रोपिलीनच्या पाकिटात, पीव्हीसीच्या नाही, पीव्हीसीला वास येतो आणि ते कार्डाला चिकटतं. पाकिटं उभी एका पुठ्ठ्याच्या खोक्यात आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या. आमच्याकडे विश्वामित्रीचं पाणी चढतं तेव्हा घरात नाही आलं तरी भिंती गार पडतात, कपाटाला वास येतो, आणि कसर जिलेटिन आवडीने खाते. एका चंद्रकोरीवर बसलेल्या बाईचा अर्धा चंद्र कसरीने खाल्लाय माझ्याकडे.

तिसरं म्हणजे फसवणूक. ऑनलाइन एका सेलरकडनं मी अठराशे रुपयांना थापकार्ड घेतलं, टोळावर बसलेला माणूस. फोटोत सुंदर दिसत होतं, कडा झिजलेल्या, मागे तपकिरी छटा. हातात आल्यावर नुसतं कार्ड चाचपूनच कसंतरी वाटलं, फार सपाट. भिंगाखाली बघितलं तर सगळा फोटो ठिपक्यांचा. म्हणजे छापलेलं. आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारला (दोनशे रुपयांना मिळतो, नोटा तपासायचा) तर कागद निळाभोर चमकला. कागद पांढरा दिसावा म्हणून जी चमकणारी रसायनं घालतात ती साधारण 1950 च्या पुढेच कागदात यायला लागली, 1909 च्या कार्डाने असं चमकता कामा नये. सेलरला लिहिलं, उत्तर नाही. ते कार्ड मी फेकलं नाही, खोक्यात सगळ्यात पुढे ठेवलंय, नवीन कार्ड आलं की त्याच्या शेजारी ठेवून टॉर्च मारते, फरक लगेच कळतो.

ठिपक्यांचं मात्र नीट समजून घ्यायला हवं, ठिपके म्हणजे खोटं असं नाही. त्या काळीही हाफटोनने, म्हणजे फोटो ठिपक्यांत फोडून, छापलेली अस्सल कार्डं होतीच. भिंगाखाली सारख्या अंतरावर ठिपके दिसले तर हाफटोन, किडे वळवळल्यासारखा बारीक दाणा दिसला तर कोलोटाइप (छपाईचाच दुसरा प्रकार), आणि काहीच न दिसता काळ्यातनं पांढरं होत गेलं तर खरा फोटो, थेट फोटोच्या कागदावर काढलेला. खऱ्या फोटोच्या गडद भागात, कडेला, कार्ड तिरपं धरलं की चांदी वर आलेली दिसते, आरशासारखी. मला ती फार आवडते, म्हातारपणी केस पांढरे व्हावेत तशी ती चांदी पृष्ठभागावर येते.

वय ओळखायला कार्ड उलटं करायचं. पुढचीच बाजू बघत बसणारे खूप असतात, पण निम्मी माहिती मागे. जगातलं पहिलं पोस्टकार्ड ऑस्ट्रियाने 1869 ला काढलं, आपल्याकडे 1879 मध्ये पाव आण्याचं आलं, पण तेव्हा कार्डाची एक बाजू फक्त पत्त्याची, मजकूर दुसऱ्या बाजूला. म्हणून चित्रांची कार्डं आली तेव्हा लोक चित्राच्या कडेला, आकाशात, जिथे जागा मिळेल तिथे लिहायचे. मागे मधोमध रेघ मारून डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता ही सोय इंग्लंडने 1902 ला दिली, अमेरिकेने 1907 च्या मार्चमध्ये. तर रेघ नसेल तर कार्ड जुनं. अजून एक खूण तिकिटाच्या चौकटीत असते. एझो नावाचा फोटोचा कागद होता, त्याच्या चौकटीच्या चारही कोपऱ्यांतले त्रिकोण वर तोंड करून असले तर साधारण 1904 ते 1918, दोन वर दोन खाली असतील तर 1918 ते 1930. माझ्या कणसाच्या कार्डाचे चारही वर आहेत. हे कळलं त्या रात्री मी ह्यांना झोपेतनं उठवून सांगितलं होतं.

अशी कार्डं एवढी निघाली कशी याचंही एक कारण आहे. 1903 मध्ये कोडॅकने घडीचा एक कॅमेरा काढला, थ्री ए, त्याची निगेटिव्हच सव्वातीन बाय साडेपाच इंच, म्हणजे पोस्टकार्डाएवढी. मोठं करायची गरज नाही, निगेटिव्ह कागदावर ठेवली, उजेड दिला, कार्ड तयार. मग गावोगावचे फोटोग्राफर सुटले! कागदाच्या चंद्रावर बसवलेली जोडपी, पडद्यावर रंगवलेल्या विमानातनं डोकं काढलेली पोरं, स्वतःचंच डोकं ताटात घेऊन उभा असलेला माणूस. हा ताटवाला प्रकार मला समजायला वेळ लागला. काळ्या पडद्यापुढे फोटो काढला की निगेटिव्हवर त्या काळ्या जागी काही उमटतच नाही, ती जागा कोरी राहते, मग त्याच निगेटिव्हवर दुसऱ्यांदा फोटो घ्यायचा. एकाच माणसाला दोनदा दाखवायचं असेल तर लेन्सला अर्धं झाकण लावून आधी डावा भाग, मग माणसाने जागा बदलायची, झाकण फिरवायचं, उजवा भाग. असं कार्ड मिळालं की मी मधोमध बघते, दोन भाग जिथे मिळतात तिथे थोडं काळपट किंवा थोडं फिकं पट्ट्यासारखं असतंच. मेलेल्या माणसाचा आत्मा मागे उभा दिसतो तसले फोटोही याच जातीचे, बॉस्टनच्या मम्लर नावाच्या फोटोग्राफरवर 1869 मध्ये न्यूयॉर्कला खटला झाला होता त्यापायी, सुटला तो. तसली मी घेत नाही. दुःखात असलेल्या माणसाला आत्मा आहे म्हणून सांगून पैसे घेणं आणि कणीस गाडीएवढं करणं यात मला फार फरक वाटतो.

आता मला सगळ्यात जास्त ज्याचा अभिमान वाटतो ते. माझा मुलगा इंजिनियरिंगला इथल्याच युनिव्हर्सिटीत होता, ती टेक्नॉलॉजी फॅकल्टी म्हणजे जुनं कलाभवन. चार वर्षं मी त्याला स्कूटरवर सोडायला जात होते कधीकधी आणि मला माहीत नव्हतं की दादासाहेब फाळके 1890 च्या सुमाराला याच कलाभवनात शिकत होते, फोटोग्राफी आणि फोटो छापायचे ब्लॉक करणं, तिथल्या प्रोफेसर गज्जरांच्या हाताखाली. म्हणजे मी भिंगाखाली जे ठिपके बघते ते कसे पाडायचे हे आपला त्र्यंबकचा माणूस माझ्या घरापासून चालत जाता येईल इतक्या जवळ शिकला. पुढे ते जादूही शिकले, स्वतःचं नाव उलटं करून प्रोफेसर केळफा म्हणून खेळ केले. आणि 'अंकुराची वाढ' हा त्यांचा छोटा सिनेमा, ज्यात कुंडीतल्या वाटाण्याला कोंब फुटून वेल वाढताना दिसतो, तो तर थोडं थोडं थांबून एकेक चित्र घेत केलेला. 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. मला हे कळल्यापासून थापकार्डं परकी वाटेनाशी झाली. त्याच काळात, त्याच कात्री-ब्लॉक-काळ्या पडद्याच्या विद्येने तिकडे कणीस वाढत होतं आणि इकडे वाटाणा.

आणि हो, इथेच मांडवीकडे एका वैष्णव ओळखीच्यांकडे भिंतीवर मनोरथाचं चित्र आहे, श्रीनाथजींच्या दोन्ही बाजूंना हात जोडून उभं असलेलं कुटुंब, अंगावरचे कपडे रंगवलेले आणि चेहरे मात्र फोटोतले कापून लावलेले. नाथद्वाऱ्याला अशी करून देत असत. मी इतकी वर्षं त्यांच्याकडे दिवाळीला जाते, कधी लक्षातच आलं नव्हतं. आता गेले की आधी तिकडेच वळते आणि त्या काकी म्हणतात, "आवी गई, काच लईने."

आरशाच्या कार्डाबद्दल लिहायचं तर वेगळाच लेख होईल पण थोडक्यात सांगते. दोन वर्षांपूर्वी मला एक कार्ड मिळालं, एक माणूस टेबलाभोवती स्वतःच स्वतःबरोबर बसलेला, पाच वेळा. पाठमोरा एक, बाजूला दोन, समोर दोन. अमेरिकेत 1890 च्या दशकापासून अटलांटिक सिटीसारख्या फिरायला जायच्या ठिकाणी असे फोटो काढून मिळायचे. 1917 मध्ये मार्सेल द्युशाँ या चित्रकारानेही न्यूयॉर्कला असाच काढून घेतला होता. यात कापाकापी नाही, दोन वेळा एक्स्पोजर नाही, एकाच क्षणी एकच फोटो. दोन आरसे 72 अंशाच्या कोनात उभे करायचे आणि माणसाला कोनाच्या टोकाकडे तोंड करून बसवायचं. 360 भागिले 72 म्हणजे पाच. त्यातला एक खरा, चार प्रतिमा. दहावीच्या मुलांना मी हे सूत्र किती वर्षं शिकवलंय, पण फळ्यावर बिंदू काढून.

मग ठरवलं की घरीच करायचं. रावपुऱ्यातल्या काचवाल्याकडनं चार बाय अडीच फुटांचे दोन आरसे कापून आणले, तो म्हणाला कपाटाला का, मी म्हटलं फोटोला, त्याने परत विचारलं नाही. डायनिंग टेबलावर खडूने 72 चा कोन आखला, आरसे उभे केले, मागनं पाट आणि उशांचा टेकू, आणि कोनासमोर मी स्टुलावर. ह्यांनी माझ्या पाठीमागनं, थोडं उंचावरनं फोटो काढला. पहिल्या वीसेक फोटोंत पाचच्या साडेचार बायका आल्या, कारण कोन 72 च्या जागी 75-76 झाला होता आणि समोरच्या दोघी एकमेकींत घुसत होत्या. मग कंपासातला कोनमापक पुरेना म्हणून पुठ्ठ्याचा मोठा कोन कापून आरशांच्या मध्ये बसवला. नंतर उजेडाचा घोळ, खिडकी एकाच बाजूला असल्यामुळे पाचातल्या दोघी काळ्याठिक्कर. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर वाळत घातल्यासारखी टांगली तेव्हा कुठे जमलं. समोरच्या दोघी तरी जराशा हिरवट आणि मंद येतातच कारण तो उजेड दोन्ही आरशांतनं दोनदा फिरून आलेला असतो, काचेतनं जातो येतो.

फोटो मोबाइलवर मोठा करून बघताना एक गोष्ट दिसली आणि मी ओरडलेच. आपला पदर डाव्या खांद्यावर असतो. पाठमोऱ्या माझ्या डाव्याच खांद्यावर होता, समोरच्या दोघींच्याही डाव्याच. पण बाजूच्या दोघींचा उजव्या खांद्यावर! एकीचा अगदी स्पष्ट कॅमेऱ्याच्या बाजूला, दुसरीचा मानेपलीकडे. गुजराती बायका घेतात त्या खांद्यावर. म्हणजे एकाच टेबलाभोवती तीन जणी मराठी आणि दोघी गुजराती, आणि सगळ्या मीच. कारण साधं आहे, बाजूची प्रतिमा एकाच आरशातली म्हणून डावं उजवं होतं, समोरची दोन आरशांतनं फिरून आलेली म्हणून परत सरळ होते. रोज आरशात आपण स्वतःला उलटं बघतो, समोरच्या दोघी मात्र लोकांना मी जशी दिसते तशा होत्या आणि मला त्या जरा अनोळखी वाटल्या, भांग दुसरीकडेच.

लगेच भिंग घेऊन जुनं कार्ड काढलं. त्या माणसाच्या कोटाचा छातीवरचा खिसा, समोरच्या दोघांच्या डाव्या बाजूला आणि जो एक बाजूचा नीट दिसतो त्याच्या उजव्या. अस्सल आरशाचं! आता असं पाच जणांचं कार्ड कोणी दाखवलं की मी आधी खिसा, बटणं, भांग बघते, पाचही जण एकसारखेच असतील तर ते आरशातलं नाही, चिकटवलेलं आहे. आणि मधोमध, समोरच्या दोघांच्या बरोबर मध्ये, आरसे मिळतात ती उभी रेघ.

आमच्या सासऱ्यांचे एक मित्र आहेत, आता ऐंशी उलटलेत, त्यांचा पूर्वी स्टुडिओ होता. त्यांना मी हा फोटो प्रिंट काढून दाखवायला नेला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, प्रिंट डोळ्याजवळ नेला आणि पहिलंच वाक्य, "ही मधली रेघ काढायची राहिली की गं." मी म्हटलं, काका, मला ती हवीच आहे, मी रेघाच गोळा करते. ते गप्प बसले थोडा वेळ. मग म्हणाले, "आम्ही जन्मभर पुसल्या."

आणि मग त्यांनी सांगितलं ते मला कुठल्याच कार्डाच्या पाठीवर मिळालं नसतं. त्यांच्याकडे जॉइंट फोटो करून घ्यायला लोक यायचे. नवरा गेलेला, नवराबायकोचा एकत्र फोटो कधी काढलेलाच नाही, आणि बाई कुठलातरी त्याचा एकट्याचा फोटो पदरात बांधून घेऊन यायची. कधी नोकरीच्या फॉर्मवरचा, कधी ग्रुपमधला. काका तो कॉपी करून मोठा करायचे, माणूस ब्लेडने तिरपा कापायचे म्हणजे कड पातळ होते, मग पालथा घालून मागनं कडेला बारीक पॉलिश पेपर घासायचे, कांद्याच्या पापुद्र्याएवढी होईपर्यंत. खळीने चिकटवायचं, रात्रभर वजनाखाली, सकाळी ब्रशने कड बुजवायची, परत फोटो, आणि निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने काम. अगदी मार्टिनची पद्धत, काकांनी मार्टिनचं नावही ऐकलेलं नव्हतं.

"पण खरं काम आधीचं," म्हणाले. "त्याच्या फोटोत नाकाची सावली कुठे पडलीय ते बघायचं, उजेड जिकडनं असेल तिकडनंच बाईवर घ्यायचा. आणि तिला सांगायचं, बाई जरा सरकून बसा, शेजारी जागा ठेवा."

मी माझं कणसाचं कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि सावल्या दाखवल्या. त्यांनी मान हलवली, म्हणाले घाई केली त्याने, पण कणीस कापलंय सुरेख, एकेका पानाच्या टोकापर्यंत गेलाय. भिंग लावून त्यांनी मला अजून दोन सांधे दाखवले जे सात वर्षांत माझ्या नजरेला पडले नव्हते, एक घोड्याच्या लगामापाशी आणि एक माणसाच्या टोपीच्या कडेला, म्हणजे तो गाडीवानाच्या शेजारचा माणूससुद्धा त्या गाडीत बसलेलाच नव्हता!

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जाते. भारतीय स्टुडिओंची ट्रिकची पोस्टकार्डं मिळवणं अवघड आहे, जुनी मुंबईच्या क्लिफ्टन स्टुडिओ वगैरेंची कार्डं बाजारात येतात पण ती बहुतेक इमारती, रस्ते, घाट यांचीच, आणि मला जे हवंय ते पोस्टात कधी पडलंच नाही, ते घरोघरी भिंतीवर हार घालून लागलं. काकांकडे तयार फोटो एकही नाही, ते सगळे गिऱ्हाइकांकडे गेले. एका बिस्किटाच्या डब्यात कामाचे काही उरलेले प्रिंट होते, त्यातला एक त्यांनी मला दिला. माझ्या खोक्यात पोस्टकार्ड नसलेली तेवढी एकच वस्तू आहे. नऊवारी नेसलेली साठीची बाई बाकावर बसलीय, फोटोच्या उजव्या अर्ध्या भागात, थोडी डावीकडे कललेली. डावा अर्धा भाग मोकळा, नुसता बाक आणि मागचा पडदा. अजून चिकटवायच्या आधीचा. मागे पेन्सिलीने काकांच्या अक्षरात लिहिलंय, उजेड डावीकडून.